वळचणीखालचे मीठ: समुद्राकाठच्या घराच्या बाह्यभागाची कामनोंद

समुद्राच्या बाजूची भिंत, तिच्यावरील छज्जे, खिडक्यांचे गज आणि लाकडी चौकटी यांची तपासणी या टप्प्यात पूर्ण झाली असून पुढील कामाचा क्रम आता निश्चित झाला आहे. हा क्रम ठरवताना एका निरीक्षणाला मी सर्वांत अधिक महत्त्व दिले. पावसाचा थेट मारा सोसणाऱ्या उघड्या पृष्ठभागांपेक्षा छज्ज्याच्या पोटाशी, वळचणीखाली आणि पन्हळीच्या मागे असलेला, पाऊस कधीच न पोहोचणारा भाग अधिक गंजलेला होता आणि रंगाचे पोपडेही तेथेच अधिक सुटले होते. खाऱ्या हवेत काम करणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी दिसतेच. तरीही रंगाचा आणि कष्टांचा मोठा वाटा समोरच्या, सहज दिसणाऱ्या भागावर खर्च होतो, म्हणून त्यामागील कारण येथे सविस्तर मांडतो.

लाटा फुटताना उडालेल्या तुषारांतील पाणी वाऱ्यावर आटते आणि मिठाचे सूक्ष्म कण भिंतींवर येऊन बसतात. उघड्या भागावरचे मीठ पुढच्या पावसात धुऊन जाते. आडोशाचे मात्र साचत राहते. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि मॅग्नेशियम क्लोराइडला त्यासाठी सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. त्यामुळे मीठ बसलेला पृष्ठभाग पाऊस नसताना, दव नसताना आणि बोटाला कोरडा लागत असतानाही खाऱ्या पाण्याच्या अतिशय पातळ थराखाली राहतो. हवेमुळे धातू किती गंजतील याचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकाच्या १९९२ च्या आवृत्तीत ओलेपणाचा काळ मोजताना आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक आणि तापमान शून्य अंशाच्या वर असलेले तास धरले जात. पाऊस किती पडला, याला त्यात स्थान नव्हते. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते. आपले पहिले काम मीठ काढण्याचे आहे आणि पाणी अडवण्याचे काम त्यानंतर येते.

मीठ मोजण्याची घरगुती पद्धत

हवेतून येणारे मीठ मोजण्यासाठी आयएसओ ९२२५ या मानकात ओल्या वातीची पद्धत दिलेली आहे. तिच्यात जाळीदार कापड गुंडाळलेली नळी पाण्यात उभी ठेवतात, कापड सतत ओले राहते, वाऱ्यातील मीठ त्यात अडकते आणि ठरावीक काळाने पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण काढले जाते. मी त्याऐवजी पृष्ठभागावर साचलेले मीठ मोजण्याची अधिक सोपी रीत अवलंबली. चिकटपट्टीने १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखावा, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने तो पुसून घ्यावा, कापूस त्याच पाण्याच्या मोजक्या १०० मिलिलिटरमध्ये पिळावा आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता साध्या हातातील मीटरने पाहावी; पाण्यात मीठ जितके अधिक, तितकी ती अधिक येते. पुसण्यापूर्वी कोऱ्या कापसाचे आणि पाण्याचे वाचन वेगळे घेऊन ते वजा करणे आवश्यक आहे. या आकड्याला प्रयोगशाळेची अचूकता नसते आणि सिमेंटच्या पृष्ठभागावर त्यात चुन्याचे क्षारही मिसळतात. पण धातूच्या आणि रंगवलेल्या पृष्ठभागांची परस्परांशी तुलना करण्यासाठी तो पुरेसा आहे. माझ्या भिंतीवर आडोशातील नमुन्यांची वाहकता उघड्या भागातील नमुन्यांपेक्षा सातत्याने ठळकपणे अधिक आली.

या वाचनांवरून धुण्याचा नकाशा तयार झाला. गोड्या पाण्याचा साधा, कमी दाबाचा फवारा, मऊ ब्रश आणि वरून खाली धूत येणे एवढेच पुरते. जोराच्या दाबाचे यंत्र मी मुद्दाम वापरत नाही, कारण त्याची धार सांध्यांतून आणि सुटलेल्या रंगाच्या कडेवरून पाणी आत ढकलते व विरघळलेले मीठही त्याबरोबर आत जाते. शेवाळ काढण्यासाठी ब्लीचचे द्रावण वापरणाऱ्यांनी गज, बिजागऱ्या आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी आधी झाकाव्यात आणि नंतर तो भाग भरपूर पाण्याने धुवावा. सोडियम हायपोक्लोराइट धातूंना खाते आणि मागे क्लोराइडच ठेवते.

लोखंड

खिडक्यांच्या गजांवर या टप्प्यातील सर्वाधिक वेळ गेला आणि तो तसा जाणे योग्यच होते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे रंगाखाली एकदा सुरुवात झाली की तो रंगाला आतून उचलतो. तारेच्या ब्रशने घासल्यावर धातू चकचकीत दिसला, तरी गंजाच्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड शिल्लक असते आणि त्यावर प्रायमर चढवल्यास त्या प्रत्येक खड्ड्यातून गंज पुन्हा डोके वर काढतो. म्हणून मी घासणे, गोड्या पाण्याने धुणे, पूर्ण वाळू देणे आणि पुन्हा घासणे हा क्रम वाहकतेचे वाचन स्थिरपणे खाली येईपर्यंत चालू ठेवतो. धुतल्यावर काही वेळात धातूवर पिवळसर गंजाची साय धरते, ती शेवटच्या घासण्यात काढून त्याच दिवशी प्रायमर लावणे श्रेयस्कर.

रंगाची वेळ ठरवताना दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होऊ लागते त्याचा, नियम मी कधीही सोडत नाही. धातूच्या पृष्ठभागाचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असले पाहिजे, अन्यथा डोळ्यांना न दिसणारे दव रंगाखाली अडकते. यासाठी तापमान व आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आणि पृष्ठभागाचे तापमान मोजणारा तापमापक एवढी साधने पुरतात. दमट किनाऱ्यावर पहाटे ही अट क्वचितच पूर्ण होते, आणि संध्याकाळी कोरडा दिसणारा गज सूर्य मावळताच दवबिंदूखाली उतरतो. त्यामुळे माझे रंगकाम सकाळचे ऊन धातूला लागल्यावर सुरू होते आणि दुपार कलण्याच्या आत थांबते.

थरांचा क्रम असा ठेवला आहे: जस्ताचे प्रमाण भरपूर असलेला प्रायमर, त्यावर इपॉक्सीचा मधला थर आणि शेवटी पॉलियुरेथेनचा वरचा थर. इपॉक्सी पाणी आणि क्षार उत्तम अडवते, पण सूर्यातील अतिनील किरणांनी तिचा पृष्ठभाग खडूसारखा भुकटतो. वरचा थर त्यासाठीच आहे. जस्ताचा प्रायमर उघड्या, स्वच्छ धातूला चिकटला तरच जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवते. जुन्या रंगावर तो लावण्यात अर्थ नाही. गजांच्या धारदार कडांवर ओला रंग मागे सरकून थर पातळ राहतो, म्हणून कडा कानशीने सुमारे २ मिलिमीटर त्रिज्येइतक्या गोल केल्या आणि प्रत्येक थरापूर्वी कडा, जोड व वेल्डिंगच्या रेषा ब्रशने स्वतंत्रपणे रंगवून घेतल्या. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु गंजाची सुरुवात कोठून होते हे ज्याने जवळून पाहिले आहे, तो ते टाळणार नाही.

एक धातू झिजवून दुसरा वाचवण्याची ही कल्पना जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांबे झिजण्यापासून वाचवता येते हे दाखवले होते. तांबे खरोखरच वाचले, मात्र पाण्यात विरघळणारे तांबे थांबल्यामुळे सागरी जीव त्या पत्र्यांवर मोकळेपणाने वाढू लागले. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्टानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्त चढवण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. आपल्या पन्हळीचे आणि छपराचे जस्ताळलेले पत्रे याच परंपरेतले आहेत.

खिळे-स्क्रूंच्या निवडीत हेच तत्त्व उलट बाजूने आडवे येते. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तरीही खाऱ्या हवेत तिच्यावर तपकिरी डाग पडतात. ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ती क्लोराइडला अधिक तोंड देते. पण ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवला, तर खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. नायलॉनचा वॉशर व आटे बसवताना लावलेले सीलंट या दोन धातूंना वेगळे ठेवतात. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत लहान स्टेनलेसचा स्क्रू बराच काळ निभावतो. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचा लहान रिव्हेट मात्र लवकर नष्ट होतो, कारण झिजण्याचा सगळा भार त्या लहानशा तुकड्यावर पडतो.

गिलावा, काँक्रीट आणि लोणा

छज्ज्याच्या कडेवर सळईच्या रेषेत बारीक तडा दिसत होता. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) १२ ते १३ च्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून सामू ९ च्या खाली आणतो, आणि क्लोराइड तर सामू चांगला असतानाही तो पापुद्रा फोडते. सुटलेला तुकडा काढून ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे अल्कधर्मी भागातच गुलाबी होणारे, द्रावण शिंपडले असता सळईपर्यंतचा भाग रंगहीन राहिला आणि खोलवरचा गुलाबी झाला. याचा अर्थ, वरून पुट्टी भरून हे काम मिटणार नव्हते. सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून, स्वच्छ करून, संरक्षक लेप देऊन आणि मूळ काँक्रीटशी जुळणारा दुरुस्तीचा मसाला भरून तो भाग आता पूर्ण झाला आहे. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाचही कोरली, कारण ती नसल्यास कडेवरून आलेले पाणी पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकते. भार पेलणाऱ्या तुळईत किंवा खांबात असे आढळल्यास संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय हातोडा लावू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

भिंतीच्या खालच्या भागातील लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येऊन साचणारा पांढरा क्षार, अजून आटोक्यात आलेला नाही. लोणा पाण्याने धुतला की क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात शिरतात, म्हणून तो प्रथम कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावा आणि लांब टाकावा. येथे ओलमापकाच्या दोन सुयांवर फार विसंबू नये. हे यंत्र ओल थेट मोजत नाही, ते विद्युतरोध मोजते आणि मिठामुळे भिंत असते त्यापेक्षा ओली दाखवते.

भिंतीच्या रंगाचा निर्णय यानंतरच घेता आला. जाड, रबरासारखा ताणणारा लेप बाहेरचे पाणी उत्तम अडवतो. मात्र भिंतीत आधीच ओल आणि क्षार असतील, तर ती वाफ लेपामागे कोंडते आणि फुगे धरते. सिलेन-सिलोक्सेनचे जलरोधक छिद्रे बुजवत नाही, त्यांच्या भिंतींनाच पाणी नकोसे करते आणि वाफेला वाट ठेवते. तरी तेही क्षारग्रस्त भिंतीवर लावू नये, कारण मग क्षाराचे स्फटिक त्या थराच्या मागे वाढून गिलाव्याचा पापुद्राच उखडतात. मी सिलिकेट रंगाकडे वळलो आहे. ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये पेटंट घेतलेल्या या प्रकारात पोटॅशियम सिलिकेट गिलाव्यातील खनिजांशी रासायनिक रीतीने बांधले जाते, पृष्ठभागावर पापुद्रा तयार होत नाही आणि म्हणून पोपडे सुटण्याचा प्रश्नही फारसा उरत नाही. त्याची अट कठोर आहे: खाली खनिज पृष्ठभाग हवा, जुना ॲक्रिलिक रंग पूर्ण काढलेला हवा. माझ्या भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागावर तो काढण्याचे काम सध्या चालू आहे.

गिलावा किती पाणी पितो, हे पाहण्यासाठी कार्स्टनची नळी अत्यंत उपयुक्त ठरली. भिंतीला मऊ पुट्टीने चिकटवलेल्या या अंशांकित नळीत पाणी भरून पातळी किती वेगाने उतरते, ते पाहायचे असते. १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण ताशी १४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याच्या दाबाइतका भरतो, म्हणजे वादळी पावसाची कसोटी शांत दुपारी घेता येते. अखंड गिलाव्यापेक्षा केसाएवढ्या तड्यावर पातळी किती झपाट्याने उतरते हे पाहिल्यावर सबंध भिंतीला रंग देण्यापूर्वी तडे बुजवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

लाकूड आणि सांधे

लाकडाचे काम तुलनेने सरळ आहे. ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली टिकले तर कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळत नाही. चौकटींच्या खालच्या टोकांशी, जेथे तंतू कापलेले असतात, तेथून पाणी सर्वाधिक वेगाने शिरते, म्हणून त्या टोकांना आणि भिंतीकडे लपणाऱ्या बाजूला बसवण्यापूर्वीच प्रायमरचे भरपूर हात दिले. चौकट आणि गिलावा यांच्यामधील सांध्यात फोमची गोल दोरी दाबून त्यावर सीलंट भरले. खोली रुंदीच्या सुमारे निम्मी ठेवली, आणि दोरीमुळे सीलंट केवळ दोन बाजूंनाच चिकटते, त्यामुळे लाकूड फुगताना-आकसताना ते ताणले जाऊ शकते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन सिमेंटजवळ आणि धातूजवळ वापरू नये, तेथे तटस्थ प्रकारचे घ्यावे.

उरलेल्या कामात गच्चीच्या कठड्याचा माथा, पन्हळीचे कंस आणि भिंतीच्या तळाचा लोणा ही तीन प्रकरणे आहेत. जुन्या ॲक्रिलिक थराचे अवशेष काढल्यानंतर त्या गिलाव्यावर सिलिकेट रंग धरला की नाही, याची नळीने घेतलेली आधीची व नंतरची मोजमापे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ती वाऱ्याची दिशा आणि भिंतीचे समुद्रापासूनचे अंतर यांसह कळवल्यास खालच्या अर्ध्या भागाचा निर्णय मी त्यांच्या आधारे घेईन.