पेरते व्हा

पुण्यात आमच्या इमारतीमागे एक जुना शिरीष आहे आणि त्यावर कोकीळ फाल्गुनाच्या अखेरीपासूनच ओरडू लागतो. पाडव्याच्या सुमारास त्याचे कौतुक वाटते, वैशाखात पहाटे साडेचारला त्याने सूर लावला की उशी कानावर ओढून घ्यावीशी वाटते, आणि ज्येष्ठ उजाडेपर्यंत तो ओरडतो आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ‘कोकिळा गाते’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो असलो, तरी गाणारा असतो तो काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर, आणि अंगभर ठिपके मिरवणारी मादी तेवढ्या वेळात कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवून असते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. वसंताची वर्दी देण्याचा मान त्याचाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्यापुरता ऋतू पालटतो तो त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या एका पक्ष्याच्या आवाजाने. तो पक्षी म्हणजे पावशा.

पावशाचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही आणि ज्याने ऐकलेला नाही त्याला सांगून फारसा उपयोग नाही, तरीही प्रयत्न करते. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असा तो सुरू होतो आणि प्रत्येक वेळी आवाज आधीच्यापेक्षा थोडा वर चढतो. पाच-सहा वेळा असा चढत चढत तो अशा टोकाला जातो, की आता याचा गळा फाटणार असे वाटावे, आणि नेमका तिथेच तो एकदम थांबतो. ऐकणाऱ्याचा कान मात्र थांबत नाही. तो पुढच्या पायरीची वाट पाहत अधांतरी राहतो, आणि मिनिटभराने पावशा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढू लागतो. चांदण्या रात्री तर त्याला दिवस-रात्रीचेही भान नसते.

आमचे गाव कराडजवळ. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुले तिथे असू आणि सुट्टी संपता संपता, रोहिणी नक्षत्र लागले की, ओढ्याकाठच्या आंब्यांतून पावशाची हाक येई. आजोबा बहुधा गोठ्याच्या दारात तंबाखू मळत बसलेले असत. हाक कानी आली की ते मळणारा अंगठा थांबवून क्षणभर ऐकत आणि मग कुणाकडेही न पाहता म्हणत, “पावशा बोलला. पाभर काढा खाली.” आढ्याला दोरीने बांधून ठेवलेली पाभर, म्हणजे बी पेरायचे अवजार, मग दोघांनी मिळून अंगणात उतरवायची. तिच्या बांबूच्या नळ्यांत वर्षभरात कुंभारमाशीने चिखलाची घरे करून ठेवलेली असत. आजोबा एकेक नळी डोळ्याला लावून आभाळाकडे धरत, पलीकडचा उजेड दिसला नाही तर तिच्यात तार घालत, आणि वाळल्या चिखलाचा भुगा व त्यात अळ्यांची कोरडी कातडी असा ऐवज अंगणात सांडे. नळी मोकळी झाली की तोंड लावून एक फुंकर. मग फण तपासायचे, ज्यात बी सोडायचे त्या चाड्याची चीर लाखेने बुजवायची. पेरताना चाड्यावर मूठ आजीची असे, त्यामुळे चाडे ठीक आहे की नाही याचा निकाल तिच्याकडे.

एके वर्षी आभाळ काचेसारखे कोरडे होते आणि ऊन मी म्हणत होते, तेव्हा आजी त्यांना म्हणाली होती, “अवं, ढगाचा पत्त्या न्हाई आन् तुमची घाई कसली?” त्यावर आजोबा म्हणाले, “त्यो काय पेरा म्हणतोय व्हय? पेरते व्हा म्हणतोय.”

या उत्तरातली खोच माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली. ‘पेरा’ ही आज्ञा आहे, ‘पेरते व्हा’ ही तशी आज्ञा नाही. मराठीची ही जुनी धाटणी आता मोजक्याच जागी उरली आहे. आपण नव्या लेखकाला ‘लिहिते व्हा’ म्हणतो, गप्प राहणाऱ्यांना ‘बोलते व्हा’ म्हणतो, आणि नकोशा माणसाला दारातून ‘चालते व्हा’ असे सुनावतो. या सगळ्यांत एकेका कामापेक्षा माणसाची अवस्था बदलण्याची अपेक्षा अधिक आहे. ‘पेरते व्हा’ म्हणजे बी आत्ताच्या आत्ता मातीत टाका असे नव्हे, तर उन्हाळ्यात जे आळसावलेले, लग्नसराईत रमलेले, पारावर बसलेले तुम्ही आहात, ते पेरणारे व्हा. शिवाय त्यात ‘व्हा’ आहे, ‘हो’ नाही. उभ्या गावाला हा पक्षी अहोजाहो करतो, हे मला फार आवडते.

अर्थात पक्ष्याला मराठी येत नाही. तोच आवाज हिंदी मुलखात ‘पी कहाँ’ होतो आणि विरहिणीच्या तोंडी जातो, बंगाल्यांना त्यात ‘चोख गेलो’, म्हणजे डोळे गेले, असा आकांत ऐकू येतो, आणि उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबांना तो ‘ब्रेन फीवर’ असा ऐकू आला. ज्याच्या मनात जे होते ते त्याने ऐकले. आमच्या माणसांच्या मनात पेरणी होती. आपल्या कानाला ना प्रियकर आठवला ना ताप, आठवले ते काम, याचा मला थोडासा अभिमान वाटतो आणि किंचित हसूही येते.

पावशा दिसतो मात्र फार क्वचित. राखाडी पाठ, पोटावर तांबूस-पांढरे पट्टे, शेपटीवर आडव्या पट्ट्या, असा तो हुबेहूब शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा असतो, इतका की तो झाडावर उतरला तर लहान पाखरे घाबरून कलकलाट करतात. कोकीळ जसा कावळ्याच्या जिवावर संसार करतो, तसा पावशा सातभाईंच्या जिवावर करतो. सातभाईंची अंडी निळी असतात आणि पावशाच्या मादीचे अंडेही तसेच निळे असते. ते उबवायचे, पिल्लाला भरवायचे आणि ते उडू लागल्यावरही त्याच्या मागे मागे चोचीत किडे घेऊन हिंडायचे, हे सगळे सातभाईंकडे. तेव्हा पावशाची ती आर्त हाक ना पावसासाठी असते ना शेतकऱ्यासाठी. तो जोडीदारीण शोधत असतो आणि आपला इलाखा सांगत असतो. पाऊस पडला की पालवी फुटते आणि पालवीबरोबर अळ्या येतात. त्या तर त्याच्या आवडीच्या, अगदी केसाळ असल्या तरी. म्हणजे त्याचे आणि आमचे गणित एकाच ढगावर बसलेले आहे, एवढाच काय तो संबंध.

आणि खरे सांगायचे तर तो एप्रिलमध्येही ओरडतो. आपण ते मोजत नाही, इतकेच. चातकाची गोष्ट वेगळी. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, डोक्यावर तुरा असलेला तो पक्षी, पावशाचाच भाऊबंद, आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने आपल्याकडे येतो, त्यामुळे तो दिसला की पाऊस जवळ आला असे म्हणायला काही आधार तरी असतो. पावशा बहुतेक इथलाच. हिवाळ्यात तो गप्प राहतो म्हणून आपल्याला वाटते की तो कुठे तरी गेला होता.

अलीकडच्या वर्षांनी तर या खुणांची चांगलीच परीक्षा पाहिली. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. त्या जूनमध्ये टेकडीवर फिरायला गेले की पावशा कोरड्या आभाळाखाली रोज ‘पेर्ते व्हा’चा घोष करी आणि इकडे कृषी खाते रोज बजावत असे, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. २०२५ साली नेमके उलटे झाले. २६ मे रोजीच पाऊस मुंबईत दाखल झाला, एवढ्या लवकर तो १९५० नंतर कधी आला नव्हता. गावी फोन केला तर दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, वैतागून म्हणाला, “पाऊस हाय, पर वाफसा कुठाय? रानात पाय घालवंना.” वाफसा म्हणजे जास्तीचे पाणी ओसरून माती कसण्याजोगी होणे. नांगरट झाली होती, पण ढेकळे फोडणाऱ्या कुळवाच्या पाळ्या राहिल्या होत्या, आणि चिखलात कुळव चालत नाही. त्या भिजल्या सकाळीही पावशा बोलतच होता.

आजोबांना मी कधी पावशाच्या हाकेवर पेरताना पाहिले नाही. पहिला पाऊस झाला की ते शेतात जात, ढेकूळ फोडून बघत, बोटाने माती उकरून ओल वीतभर उतरली आहे का हे तपासत आणि मूठभर माती हातात आवळून सोडत. ती चिकटली तर थांबायचे, नीट फुटली तर घात, म्हणजे पेरणीची योग्य वेळ, आली. एका वर्षी शेजारच्या शेतात पहिल्याच सरीवर भुईमूग पडला, पुढे तीन आठवडे आभाळाने दगा दिला आणि त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी आली. आजोबा त्याबद्दल कुणाला काही बोलले नाहीत, पण आमची पाभर त्या तीन आठवड्यांत अंगणातच उभी होती, नळ्या साफ करून.

यंदा टेकडीवर पहिला पावशा ऐकला त्या संध्याकाळी मी सवयीने दादाला फोन केला. पाभर आता कुणाकडे नाही, आमची तर चुलीत गेली. पेरणी ट्रॅक्टरच्या यंत्राने होते आणि बी मुठीऐवजी चकतीतून पडते. “पावशा बोलला का तुमच्याकडे?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “बोलला की. यंत्रच साफ करायला बसलोय.” मग जरा थांबून त्याने सांगितले, की यंत्राच्या पाच नळ्यांपैकी दोन बुजल्या आहेत. प्लास्टिकच्या नळीतही कुंभारमाशीने चिखलाचे घर केले होते.