‘ताई, उलटतपास तुम्ही घ्या’

पन्नाशी ओलांडल्यावर बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एलएलबीला नाव घातलं. या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलने 2016 मध्ये 30 वर्षांची वयोमर्यादा पुन्हा लावली होती. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, म्हणून माझ्यासारखीला प्रवेश मिळाला. नातेवाईक म्हणाले, ‘आता या वयात कशाला?’ मैत्रिणी म्हणाल्या, ‘वय काय, नुसता आकडा!’ मैत्रिणींची माया खरी होती, पण कोर्टाची पायरी चढताना तेवढ्याने धीर येत नाही.

धीर दिला तो सीनिअर मॅडमनी. वयाने त्या माझ्याहून लहान, शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करतात. सनद मिळाल्यापासून त्यांच्याकडे मी तारखा घेत होते, नकलांचे अर्ज लिहीत होते. त्या दिवशी बोर्डावर एकशे अडतीसचा, म्हणजे चेक न वटल्याचा खटला होता. आम्ही आरोपीतर्फे. फाइल वाचताना जुन्या सवयीने माझी नजर चेकच्या नंबरावर गेली होती, आणि जे दिसलं ते मी मॅडमना सांगितलं होतं. पुकारा व्हायच्या आधी त्यांनी फाइल माझ्याच हातात ठेवली.

“ताई, उलटतपास तुम्ही घ्या.”

“मॅडम, मला जमेल?”

“इतकी वर्षं क्लिअरिंगला बसलात. चेक तुमच्याइतका इथे कुणाला कळतो? कायद्याचं काही अडलं तर मी शेजारी आहेच.”

कायदा आरोपीला सोपा नाही. चेकवरची सही मान्य असली, की तो देण्यापोटीच दिला असं कलम 139 प्रमाणे कोर्ट गृहीत धरतं. सही करून कोरा चेक दिला असला तरी यातून सुटका नाही. त्यामुळे चेक जुना आहे एवढं दाखवून भागत नव्हतं, फिर्यादीच्या हकिकतीवरचाच विश्वास उडायला हवा होता.

फिर्यादीचं म्हणणं, 2021 मध्ये त्याने पाच लाख हातउसने दिले आणि आरोपीने तिथेच चेक लिहून दिला. पहिला प्रश्न विचारताना माझा आवाज कापत होता. मॅडम हळूच म्हणाल्या, “सावकाश.”

“चेक तुमच्यासमोर चेकबुकातून फाडला?”

“हो.”

“त्यामागे आणखी पानं शिल्लक होती?”

“होती की. बरीच होती.”

मग मी बँकेने प्रमाणित केलेला खातेउतारा त्याच्यापुढे ठेवला. या चेकच्या आधीचे आणि नंतरचे, त्या चेकबुकातले सगळे नंबर 2016 मध्येच वटलेले होते. मग शिल्लक पानं कुठली? तो उताऱ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सांगता येणार नाही.” न्यायाधीशांनी उतारा मागून घेतला, नंबर स्वतः ताडून पाहिले आणि उत्तर नोंदवून घेतलं.

बाहेर आल्यावर मॅडमनी एवढंच सांगितलं, “युक्तिवादाची टिपणंही तुम्हीच काढा.” निकाल अजून लागायचा आहे.

परवा कर्ज विभागातल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्यालाही एलएलबी करावंसं वाटतंय, पण वयाने मागे ओढलंय. मी वयाचा विषयच काढला नाही. म्हटलं, “आयुष्यभर गहाणखतं आणि सात-बारा तपासलेत. कर्जवसुली न्यायाधिकरणात नेमके हेच कागद लागतात. सीईटीचा अर्ज भरा, नोट्स मी देते.”