जवाची धिरडी, रानातल्या ब्लूबेरी घालून

'व्हायकिंग पॅनकेक' म्हणून ज्या पाककृती फिरतात त्यात हमखास मैदा, साखर, बेकिंग पावडर, वर व्हॅनिला. मला ते पटत नाही. साखर, बेकिंग पावडर, व्हॅनिला यातलं काहीच व्हायकिंगांच्या काळात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, स्कँडिनेव्हियात नव्हतं. गहू होता, पण कमी. रोजचं धान्य जव.

त्या काळची लिहिलेली एकही पाककृती उरलेली नाही, त्यामुळे 'अस्सल' असं काही नसतंच. पण मातीनं बरंच सांभाळून ठेवलंय. स्टॉकहोमजवळच्या बिर्का या व्हायकिंगांच्या जुन्या गावी थडग्यांत करपलेल्या छोट्या भाकऱ्या सापडल्या, त्यात जव होतं. नॉर्वेतल्या थडग्यांत लांब दांड्याचे लोखंडी तवे मिळाले. इंग्लंडमधल्या यॉर्कला, जिथे व्हायकिंग वसले होते, कॉपरगेट उत्खननात रास्पबेरी-ब्लॅकबेरीच्या बियाही निघाल्या. मला एवढा आधार पुरतो.

इथे स्वीडनमध्ये रान कुणाच्याही मालकीचं असो, बेरी वेचायला सगळ्यांना मोकळीक आहे. ऑगस्टात मी डबा घेऊन निघते. दुकानातली टपोरी ब्लूबेरी आतून पांढुरकी. रानातली बारीक, पण आतपर्यंत जांभळी, जीभ-बोटं रंगवणारी. या पदार्थाला तीच हवी.

दोन वाट्या जवाचं पीठ, दोन अंडी, मीठ आणि लागेल तसं ताक. पीठ अर्धा तास झाकून ठेवायचंच, जव पाणी फार पितं. नंतर आणखी थोडं ताक घालावं लागतं. जवात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून मोठं धिरडं उलटताना तुटतं. तळहाताएवढीच घालावीत. बिडाच्या तव्यावर लोणी सोडायचं, पीठ घालायचं आणि वरून मूठभर बेरी पेरायच्या. कडा सुटल्या की उलथन्यानं उलटायचं. बेरी तव्याला टेकून फुटतात, रस लोण्यात उतरतो आणि कडेला गडद, चिकट जाळी धरते. ती आच मंद असेल तरच धरते, नाहीतर रस करपून कडू होतो.

वर मध. चमचाभरच, कारण जवाची स्वतःची खमंग, किंचित मातकट चव झाकू नये. माझ्या मुलाला सोबत लिंगनबेरी ही छोटी लाल रानबेरी लागते: आंबट, तुरट. तिच्यात निसर्गतःच बेंझोइक आम्ल असतं, त्यामुळे ती नुसत्या पाण्यात बुडवून ठेवली तरी हिवाळाभर टिकते. सप्टेंबरात तिची बरणी भरायची आहे.