तुम्ही विचारलंत म्हणून: जैसलमेरला कधी जायचं आणि कुठे राहायचं?

मार्च लागला की प्रश्न सुरू होतात. शाळेतले सहकारी विचारतात, कॉलनीतले विचारतात, माजी विद्यार्थ्यांचे आईवडील फोन करतात. "सर, उन्हाळ्याच्या सुट्टीत जैसलमेर केलं तर? हॉटेलं अर्ध्या भावात मिळून राहिली. अन् उन्हाचं काय, आपण तर नागपूरचे!" मी भूगोल शिकवतो, जैसलमेरवर माझा फार जीव आहे आणि संधी मिळेल तेव्हा मी तिकडे जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

मे महिन्यात जाऊ नका. स्वस्त मिळालं तरी नको.

आपण नागपूरचे आहोत हे खरंच आहे. २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते होरपळवणारे नऊ दिवस, काय असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण आपण ऊन काढतो ते घरात बसून. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, दहा-अकरापासून ओढून घेतलेले पडदे, बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. प्रवाशाला हे काहीच करता येत नाही. तो पैसे खर्च करून गेलेला असतो, म्हणजे भर दुपारी तो किल्ल्याच्या दगडी फरसबंदीवर उभा असतो. डोक्यावर झाड नाही, पायाखाली तापलेला दगड आणि तोंडावर लू. वाळूच्या टेकड्यांवर त्या दिवसांत दुपारी अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. वाळवंटातले तंबूंचे मुक्कामही बहुतेक तेव्हा बंद असतात. मग अर्ध्या भावातल्या हॉटेलच्या एसीत बसून राहायला एवढ्या लांब कशाला जायचं?

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ ते एक जानेवारी हे दिवस मी टाळायला सांगतो. दिवाळीनंतर गुजरातेतून गाड्याच्या गाड्या येतात आणि वर्षअखेरीला सगळा देश तिथे उतरतो. मुलांच्या शाळेचा अडसर नसेल तर संक्रांतीनंतर निघा. माघी पौर्णिमेला जोडून तिथे मरु महोत्सव भरतो, तो साधता आला तर उत्तमच.

थंडीबद्दल मात्र आपली मंडळी हमखास गाफील असतात. नागपूरच्या हिवाळ्यात एका स्वेटरवर भागतं, म्हणून तोच एक स्वेटर घेऊन निघतात. वाळवंटात हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि जमिनीत ओल नाही. दिवसभर साठलेली उष्णता सूर्य मावळल्यावर भराभर निघून जाते. जानेवारीत दुपारी नुसत्या सदऱ्यात फिरणारा माणूस रात्री उघड्या जीपमधून परतताना कुडकुडतो. जाड जॅकेट, कानटोपी, लोकरीचे मोजे घ्याच, आणि ओठांना लावायला व्हॅसलीन. घड्याळाचंही एक लक्षात ठेवा. जैसलमेर आपल्यापेक्षा रेखांशाने सुमारे आठ अंश पश्चिमेला आहे. डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. सूर्योदय बघायचा म्हणून लहान मुलांना पाच वाजता उठवून वाळूत नेऊ नका.

आता दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो: "किल्ल्याच्या आत हॉटेलं आहेत म्हणे. तिथेच राहिलं तर?"

मोह मला कळतो. रावल जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला आणि तो आजही नांदता आहे. आत माणसं राहतात, शाळेला जाणारी मुलं दिसतात, गायी गल्ली अडवून बसतात, पिवळ्या दगडाच्या झरोक्यांतून धुतलेले कपडे वाळत असतात. ९९ बुरुजांच्या आत रात्र काढायची, सकाळी गच्चीवर चहा घ्यायचा, कोणाला नको वाटेल? तरीही मी सांगतो, किल्ल्यात राहू नका. त्याचं कारण पाणी.

हा तट बहुतांशी चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेला आहे आणि खालच्या टेकडीत मातकट, मऊ थर आहेत. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे शतकानुशतकं टिकलं, कारण आतली माणसं पाणी तळ्यावरून डोक्यावर आणत आणि थेंब थेंब वापरत. पुढे नळ आले, संडास आले, मग हॉटेलं आली आणि प्रत्येक खोलीला शॉवर आला. ते सांडपाणी टेकडीत मुरायला लागलं, थर फुगले-सरकले आणि काही बुरूज ढासळले. जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच' या यादीत किल्ल्याचं नाव १९९६ मध्येच आलं होतं. २०१३ मध्ये तो राजस्थानातल्या इतर पाच किल्ल्यांसोबत जागतिक वारसा ठरला, सांडपाण्याच्या नळांची दुरुस्तीही झाली. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या पावसात तटाचा एक भाग कोसळलाच. पुढच्या वेळी गेलात की आतल्या एखाद्या अरुंद गल्लीत थांबून भिंतीचा पायथा पाहा. गुडघाभर उंचीपर्यंत दगड काळपट, ओलसर दिसेल आणि बोट लावलंत तर पापुद्रा सुटून पिवळी भुकटी हाताला लागेल. वाळवंटातली भिंत ओली असावी, याचं मला दर खेपेला वाईट वाटतं.

किल्ल्यातल्या लोकांचा धंदा आहे, मला त्याची जाणीव आहे. म्हणून आत जरूर जेवा, कशिदाकारीची चादर घ्या, वाटाड्या तिथलाच घ्या, बाराव्या ते सोळाव्या शतकांतली जैन मंदिरं निवांत पाहा. फक्त आंघोळ आणि रात्रीचा मुक्काम खाली, गावात करा. खालून, एखाद्या गच्चीवरून किल्ला दिसतोही जास्त चांगला.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर गडीसर तलावाबद्दल सांगतो, कारण तिथे लोक दहा मिनिटं बोटीत बसतात, फोटो काढतात आणि निघतात. चौदाव्या शतकात रावल घडसीने नव्याने बांधून घेतलेलं हे तळं म्हणजे अख्ख्या शहराचं पिण्याचं पाणी होतं. आता गावाला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी मिळतं. सकाळी लवकर जा, घाटाच्या पायऱ्यांवर बसा आणि आजूबाजूचा उतार बघा, पावसाचं पाणी कुठून कुठे वाहत येत असेल त्याचा अंदाज घ्या. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी २०१९ च्या जुलैत आपल्याला पाणी पुरवणारं तोतलाडोह धरण आटलं आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. त्या महिन्याची आठवण असलेल्या माणसाने गडीसरवर एक तास द्यायला हरकत नाही.

त्याच ओढीने कुलधऱ्याला जा. शहरापासून अठरा किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचं हे ओसाड गाव आहे. टॅक्सीवाला तुम्हाला भुताच्या गोष्टी सांगेल, दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत गाव कसं उठून गेलं ते सांगेल. एकोणिसाव्या शतकात गाव ओस पडलं हे खरं, आणि अभ्यासक त्यामागे आटत गेलेलं पाणी हेही एक कारण मानतात. पण मला त्या भागात भुतांपेक्षा 'खडीन' दाखवावंसं वाटतं. ही पालीवालांची शेतीची रीत. खडकाळ उताराच्या पायथ्याशी, सखल जागी लांबलचक मातीचा बांध घालायचा. चार सरी पडल्या तरी सगळ्या उताराचं पाणी तिथे जमतं, जमिनीत मुरतं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. दुसरं पाणी द्यायचं नाही. हिवाळ्यात गेलात तर उजाड माळामध्ये अचानक हिरवं शेत दिसतं, गाडी थांबवून ड्रायव्हरला विचारा. भंडारा-गोंदियाच्या लोकांना हे बघताना आपले मालगुजारी तलाव आणि ते बांधणारा कोहळी समाज आठवल्याशिवाय राहणार नाही. मुलख वेगळा, पाऊस पाचपट, पण उतार वाचायची अक्कल तीच.

हवेल्यांबद्दल थोडक्यात. पटवांच्या पाच हवेल्यांपैकी एखादी आतून बघा, नथमलची हवेली बाहेरून. दोन भावांनी तिची एकेक बाजू घडवली असं सांगतात. डावी-उजवी बाजू जवळ उभं राहून ताडून बघा, नक्षी जुळत नाही. मुलांना या खेळात अर्धा तास सहज रमवता येतं.

"आणि वाळवंट?" हो, ते तर आहेच. सगळे पॅकेजवाले तुम्हाला चाळीसेक किलोमीटरवरच्या सम इथे नेतील. तंबू, जीपच्या उड्या, रात्री मोठ्या आवाजात लावलेली गाणी. तरुण मुलांचा गट असेल तर जा. घरची वडीलधारी मंडळी सोबत असतील तर मी खुडीला जायला सांगतो; तिथल्या टेकड्या लहान आहेत, पण गजबज कमी. कुठेही गेलात तरी आधी फोन करून एक गोष्ट ठरवून घ्या: रात्री मांगणियार कलाकार येणार की नुसता डीजे? मांगणियार पिढ्यान्‌पिढ्या जजमानांच्या घरी जन्मापासून लग्नापर्यंत गात आले आहेत. स्वतः मुसलमान, आणि जजमान बहुतेक हिंदू राजपूत. त्यांचं 'कमायचा' हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य जवळून बघा. भलंमोठं गोल पोट, त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, आणि गजाचा पहिला फटकारा बसला की निघणारा भरदार, किंचित घोगरा सूर. माइक नसेल तर जास्तच चांगलं. बिदागी त्यांच्याच हातात द्या, तंबूवाल्याच्या बिलात नको.

समच्या वाटेवर डेझर्ट नॅशनल पार्क लागतं, ३१६२ चौरस किलोमीटरचं. माळढोक आता देशात जे काही उरले आहेत ते बहुतेक याच जिल्ह्यात. आपल्या वरोऱ्याच्या माळावर तो दिसत असे, हे विदर्भातल्या कितीजणांना आठवतं? जड अंगाचा हा पक्षी उडताना समोरची वीजवाहक तार वेळेत पाहू शकत नाही आणि तारांवर आदळून मरतो. समला त्याचं प्रजनन केंद्र आहे. पार्कमध्ये वनखात्याच्या परवानगीने, सकाळी, शांतपणे जाता येतं. दुर्बीण घ्या आणि जीप पक्ष्याच्या मागे पळवायला कोणी तयार झालाच तर त्याला ठाम नाही म्हणा.

सीमेजवळचं तनोट मातेचं मंदिर आणि १९७१ च्या लढाईचं ठिकाण लोंगेवाला करायचं असेल तर त्याला अख्खा दिवस धरा. तनोट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. आधार कार्ड सगळ्यांची जवळ ठेवा.

जेवणात दालबाटी सगळीकडे मिळेल, पण केर-सांगरी मागून घ्या. केर म्हणजे तिथल्या काटेरी झुडपाची लहान फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या, कोवळ्या शेंगा वाळवून ठेवलेल्या. परतताना पाव किलो वाळलेली सांगरी आणि घोटुआ लाडू आणा. सांगरी रात्रभर भिजवून, तेल-तिखट जरा सढळ हाताने घालून केली की आपल्या भाकरीशी छान जमते.

प्रवासाचं म्हणाल तर नागपूरहून जयपूर किंवा जोधपूर गाठायचं आणि तिथून पुढे रेल्वेने किंवा गाडीने. जोधपूर ते जैसलमेर पाच-सहा तास. थेट जैसलमेरची विमानं मुख्यतः हिवाळ्याच्या हंगामात असतात आणि बदलत राहतात, म्हणून त्या भरवशावर बेत आखू नका. जोधपूरला दोन रात्री आणि जैसलमेरला तीन, त्यातली एकच वाळूत. एका रात्रीत जैसलमेर उरकणाऱ्या सहली मला मनापासून नापसंत आहेत.

राहिला आईवडिलांना न्यावं का हा प्रश्न. न्या. किल्ल्याची चढण चार दरवाज्यांतून वळत वळत जाते, दगड पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, म्हणून पकड असलेले बूट आणि सकाळची वेळ. गुडघे बोलत असतील तर त्यांना दुसऱ्या दरवाज्याशी बसवून तुम्ही वर जाऊन या. त्यांना गडीसर आणि मांगणियारांची रात्र पुरेशी आहे. आणि हॉटेल ठरवताना तळमजल्यावरची खोली मागा, कारण तिथल्या जुन्या घरांचे जिने उभे आणि अंधारे असतात आणि फोटोत ते कोणी दाखवत नाही.