पट्टा, वस्तरा आणि आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'वस्तऱ्याचे पट्टे व धार' असे लिहिलेले आहे. त्यात 'धार' मागे ठेवण्यात वडिलांचा हिशेब होता. निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासलेले पोलाद झिजते आणि ते भरून येत नाही. पट्ट्यावर, म्हणजे वस्तरा परजायच्या चामडी पट्टीवर, मात्र वाकलेली कोर (धारेची कड) सरळ होते आणि वस्तऱ्याचे आयुष्य जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून धार लावायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी आमच्याच पट्ट्यावर वस्तरा परजून दाखवायला सांगत आणि निम्म्या लोकांना पैसे न घेता परत पाठवत. अशाने चूल कशी पेटायची, हा आईचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता.

वडिलांनी १९७१ साली कोल्हापुरात हे काम सुरू केले, तेव्हा भांडवल त्यांचे आणि हात काकांचे होते. काका आमच्या नात्यातले नव्हेत. सुभाषनगरातल्या चर्मकार घरातले, वडिलांचे पहिले आणि एकमेव भागीदार. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले म्हशीचे कातडे ते अंधारातसुद्धा बोटांनी ओळखत. पट्टा कण्यालगतच्याच भागातून काढायचा, पोटाकडचे कातडे ताणले की सैल पडते, हा त्यांचा नियम आजही आमच्या कापणीच्या टेबलावर पाळला जातो. तीन इंच रुंदीची पट्टी कापली की ती काचेच्या बाटलीने दिवसचे दिवस घोटायची, मागे जाड कॅनव्हास, वर पितळी कडी, खाली धरायला दुमडलेली मूठ. एवढ्या साध्या वस्तूला इतका वेळ का लागतो, असे विचारणाऱ्याच्या हाती काका पट्टा देत आणि तळहात फिरवायला सांगत.

गडहिंग्लजचे मामा हे आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांच्या धोकटीत सोलिंगेन या जर्मन गावचा, पोटाशी पोकळ घासलेला पातळ वस्तरा असे आणि ते तो कानाने परजत. आधी कॅनव्हासवर वीस-पंचवीस हात, मग कातड्यावर चाळीस-पन्नास, शेवटी तळहातावर दोन-चार. पाठ पुढे, कोर मागे, आणि टोकाला पोचल्यावर वस्तरा न उचलता पाठीवरच उलटायचा. कोरेवर उलटणाऱ्याचा पट्टा कापला जातो आणि धारही जाते. मामांचा हात इतका हलका असे की वस्तऱ्याच्या वजनापलीकडे पट्ट्यावर भार पडत नसे, पण पट्टा मात्र ते तारेसारखा ताणून धरत, कारण सैल पट्ट्यावर कोर गोल होते. नवशिके नेमके उलटे करतात: पट्टा सैल, हात जड, आणि वेग सिनेमात पाहिलेला. वेग आपोआप येतो, तो आणू नये.

मग ब्लेडचे वस्तरे आले. नव्वदीच्या दशकात एचआयव्हीची भीती गावोगावच्या सलूनपर्यंत पोचली आणि अर्धे ब्लेड मोडून बसवायचा वस्तरा दोन-तीन वर्षांत सगळीकडे झाला. ती भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करतो; एकच वस्तरा आणि एकच पट्टा सगळ्या गिऱ्हाइकांना वापरणे योग्य नव्हतेच. परंतु आमच्या माळ्यावर तेव्हा कमावलेली कातडी रचलेली होती, सावकाराचे व्याज सुरू होते, आणि एका पावसाळ्यात चार महिन्यांत मिळून सात पट्टे विकले गेले.

त्यातच, ज्याला वडिलांनी धंदा शिकवला, तो आमचाच जुना फिरता विक्रेता वेगळा झाला. वेगळे होण्याबद्दल तक्रार नाही. त्याने रेक्झिनवर एमरीची, म्हणजे पोलाद घासायच्या खनिजाची, पूड चिकटवून पट्टे केले, त्यांवर 'अस्सल कोल्हापुरी' असा शिक्का मारला आणि आमच्या निम्म्या किमतीत विकले. असा पट्टा पहिल्या दिवशी झकास धार देतो, कारण तो खरे तर निसणाच असतो. महिनाभराने कोरेवर दाते पडतात आणि हनुवटीवर रक्त येते. मग तीच माणसे वस्तरे घेऊन आमच्याकडे येत आणि कोल्हापूरचे पट्टे बिघडले म्हणून आम्हालाच ऐकवत. सोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखले आहे. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला आनंद आहे, पण तेच कातडे आणि तेच हात असूनही पट्ट्याला त्याचे छत्र नाही. त्या गृहस्थाचा पुढे एका सभेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी तिथे होतो, टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या काळात काकांनी हातपंपाचे चामडी वॉशर कापून घर आणि दुकान दोन्ही तगवले, आणि भागीदारीतला आपला हिस्सा एकदाही मागितला नाही. पुढची पंधरा वर्षे वॉशर, कमरपट्टे आणि थोडे पट्टे यांवर गेली. त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

आता पुन्हा मागणी आहे, ती घरी स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्यांची. पुण्या-मुंबईचे तरुण इंग्लंडातल्या शेफील्डचे आणि सोलिंगेनचे जुने वस्तरे जमवतात आणि धारेसाठी आमच्याकडे कुरियर करतात. त्यांना माझे सांगणे असे की नीट परजणाऱ्याचा वस्तरा रोजच्या दाढीला दोन-तीन महिने तरी निसणा मागत नाही. हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, वापरायचीच असेल तर वेगळ्या पट्ट्यावर आणि क्वचित वापरावी. एकदा साध्या कातड्यावर लागली की ती निघत नाही. पट्ट्याला तेल पाजू नये, तळहाताने चोळणे पुरते. वस्तरा मात्र पुसून, पावसाळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून ठेवावा, आणि तो न्हाणीघरात किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण कातडे ओल धरते आणि कोर डोळ्यांना दिसण्याआधी गंजते. बोथट झाला म्हणून येणाऱ्या वस्तऱ्यांपैकी कित्येक प्रत्यक्षात गंजलेले असतात.

गेल्या दिवाळीत मामांचा मुलगा आला होता. त्याच्या सलूनमध्ये ब्लेडच वापरतात, पण वडिलांचा पट्टा त्याने खुंटीवर ठेवला आहे. कातडे तपकिरीचे काळे झाले होते, मधोमध आरशासारखे गुळगुळीत, आणि काठाला कुठेही चीर नव्हती. वरची कडी तेवढी झिजली होती. मी ती बदलून दिली.