दप्तर घ्यायला जाताना काटा सोबत न्या

दुकानदार चेन ओढून दाखवतो, कप्पे मोजून दाखवतो, पावसाळी कव्हर फुकट असल्याचं तीनतीनदा सांगतो. रिकाम्या बॅगेचं वजन मात्र कोणी सांगत नाही. "ताई, हलकीच आहे, उचलून बघा की!" मी उचलून बघत नाही, पर्समधून हुकाचा काटा काढते. नणंद दुबईहून येते-जाते, तिच्या बॅगा तोलायला घेतला होता. आता घरात सगळ्यात जास्त कामाला येतो तो दप्तरासाठी. डोंबिवलीच्या बाजारात लोक वळून बघतात. बघू देत. कार्टूनचं फुगीर चित्र असलेली एक बॅग रिकामीच १२०० ग्रॅम भरली. शेजारची साधी, कापडी पाठीची, ६०० ग्रॅम.

हा हट्ट का, तर लेक पाचवीत, वजन ३० किलो. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, आणि तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो. शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी त्याचं भरलेलं जुनं दप्तर काट्याला लावलं: ५.३ किलो. पुस्तकं-वह्या अडीच किलो, बॅग ९०० ग्रॅम, डबा अर्ध्या किलोच्या वर, आणि लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली एकटी १३५० ग्रॅम!

सगळे पुस्तकांच्या नावाने बोटं मोडतात. वह्यांचं ओझं नको म्हणून बालभारतीच्या पुस्तकांत कोरी पानं घातली, २०२५ मध्ये ती काढूनही टाकली, कारण मुलं वह्या नेतच होती. त्या पानांचं व्हायचं ते झालं, पण पाण्याचं ओझं तर आपल्याच हातात आहे ना? पालकसभेत मी एवढंच विचारलं, की शाळेतल्या फिल्टरची टाकी शेवटची कधी धुतली. दोघी-तिघी हसल्या. पण बाईंनी तारीख टाकीवर लिहायला लावली, तेव्हापासून लेक अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली नेतो, रिकामी, आणि तिथे भरतो. पिण्याचं चांगलं पाणी शाळेने द्यावं, हेही त्याच धोरणात लिहिलेलं आहे.

चाकांच्या बॅगेसाठी त्याने बराच हट्ट धरला. शाळा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणजे तीन जिने ती हातात. जिन्यात मागच्याच्या पायात येणार ते वेगळंच. धोरणही चाकांच्या दप्तराला नको म्हणतं. विषय संपला.

बॅग मुलाला सोबत नेऊन, पाठीवर चढवूनच घ्यावी. 'दोन वर्षं पुरेल' म्हणून मोठी घेतली की खांद्याबाहेर जाते, खाली मांडीवर आपटते. पाठीपेक्षा रुंद नको, कमरेखाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबायला नको. पट्टे रुंद, फोमचे. छातीवरचं बक्कल असेल तर उत्तमच, पट्टे घसरत नाहीत. जाड पुस्तकं पाठीला चिकटून असलेल्या कप्प्यात, डबा पुढे. आणि दोन्ही खांद्यांवर! एका खांद्यावर टाकून चालायची फॅशन सातवी-आठवीच्या दादांकडून येते, तिला आईचं भाषण पुरत नाही. मी त्याला आरशासमोर तसंच उभं केलं. एक खांदा वर, एक खाली, मान वाकडी. स्वतःच म्हणाला, "म्हातारा दिसतोय मी."

रिक्षाचं एक वेगळंच. आमचे रिक्षाकाका दप्तरं बाहेरच्या हुकांना लटकवतात, नाहीतर पोरं मावणार कुठे? लोंबणारा पट्टा चाकात जाऊ शकतो. म्हणून पट्ट्यांची उरलेली टोकं मी दुमडून रबरबँडने बांधते. काकांना दाखवलं, तर आता ते इतरांचीही बांधून घेतात. दुपारच्या शाळेची मुलं पावसाळ्यात सुटतात तेव्हा अंधारून आलेलं असतं, त्यांच्या बॅगेला चमकणारी पट्टी हवीच. स्टेशनजवळचा बॅग दुरुस्तीवाला ती थोडक्या पैशांत शिवून देतो, रनरही बदलून देतो.

रविवारी रात्री दप्तर पालथं करायचं काम लेकाचंच. परवा आतून निघालं: दोन दगड, पुठ्ठ्याचं अर्धवट घर, आणि गेल्या सत्रातलं चित्रकलेचं अख्खं पुस्तक.