केडगावचे खिळे

मागच्या शनिवारी सुट्टी होती म्हणून सकाळची दौंडची गाडी पकडली आणि केडगावला जाऊन आले. पुण्यात इतकी वर्षं राहते पण पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभं केलेलं मुक्ती मिशन बघायचं राहूनच गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या चर्चमध्ये पाळकांनी पाचारणावर संदेश दिल्यापासून डोक्यात एकच घोळत होतं, मी अकाउंट्सवाली, दिवसभर व्हाउचर आणि बिलं, घरी आईच्या गोळ्या, मला प्रभू कशासाठी हाक मारेल?

यवतच्या पुढे दोन्हीकडे ऊस, मग कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड धुरकट वास डब्यात आला आणि केडगाव आलंच.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, त्यातून हे सगळं वाढलं. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले, भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण माझं मन अडकलं ते छापखान्यात. ज्या बाईला कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं ती उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसते, का तर खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, यावं, आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवतात कोण तर मुक्तीतल्याच मुली! शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. ज्यांनी इथे येऊन पहिल्यांदा पाटी हातात धरली त्या आरशातल्यासारखी अक्षरं वाचून ओळी लावत होत्या, एक खिळा चुकला की वचन चुकलं. बोटं काळी, मान अवघडलेली, आणि देव तिथेच, त्या खिळ्यांच्या खणांपाशी. बायबलमधल्या गिदोनालाही देवाची हाक आली तेव्हा तो गहूच झोडत होता ना, आणि मोशे मेंढरं राखत होता. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं 1924 ला, म्हणजे ते हातात घेणं त्यांना मिळालंच नाही.

बाहेर सावलीत एक आजी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सलाम केला, त्या म्हणाल्या, "सलाम बाळा, बस की जरा." बसले आणि आपोआप हात सुपात गेला. त्या फार बोलत नव्हत्या, ओठ हलत होते, मला वाटलं काही पुटपुटतायत, नीट ऐकलं तर एकेका मुलीचं नाव घेऊन प्रार्थना चालली होती, खडा काढायचा, नाव घ्यायचं. मी विचारलं, "आजी, रोज करता?" म्हणाल्या, "रोज जेवतात ना त्या."

माझी परतीची गाडी चुकली. पुढची येईपर्यंत बाकावर बसून फोनमध्ये सोमवारची कामं लिहिली, तीन बिलं, बँकेचं स्टेटमेंट, आईच्या गोळ्या, आणि मग डोळे मिटून एकेका ओळीवर प्रार्थना करत गेले, गाडीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत.